चिरा, खडी, काँक्रिट : बांधकाम साहित्याच्या करवर्गीकरणाचा वाद नेमका कशाचा?

पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरी गावात घर किंवा लहानसा कारखाना बांधायचा झाला, तर साहित्य दोन्ही बाजूंनी येऊ शकते : गोव्यातून आणि नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातून. चिरे, खडी, रेती, सिमेंट, लोखंडी सळ्या, कौले किंवा पत्रे, फरशी ही यादी सर्वांच्या परिचयाची असते. या यादीतील प्रत्येक वस्तूला कर कायद्यात एक क्रमांक आहे आणि त्या क्रमांकावर कराचा दर ठरतो, ही गोष्ट मात्र बिल हाती पडेपर्यंत फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. क्रमांक चुकला तर दर चुकतो, आणि ही चूक कधी कधी काही वर्षांनी नोटिशीच्या रूपाने दारात येते.

मोपा येथील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झाला. पेडण्यातील बांधकामाला तेव्हापासून वेगळे वजन आले आहे. तुये आणि डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. अशा वेळी बांधकाम साहित्याच्या करवर्गीकरणाचे वाद का होतात, न्यायालयांनी ते कसे सोडवले आणि त्यांचा भार शेवटी कोणावर पडतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

वर्गीकरण म्हणजे काय?

वस्तू व सेवा कर (जीएसटी) १ जुलै २०१७ पासून लागू झाला. या करात वस्तूंची ओळख ‘एचएसएन’ या आंतरराष्ट्रीय संकेतांकावरून केली जाते. भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकातील प्रकरणे, शीर्षके आणि टिपा जीएसटीसाठीही आधारभूत मानल्या जातात. बांधकामाच्या दृष्टीने त्यांपैकी काही प्रकरणे महत्त्वाची आहेत. प्रकरण २५ मध्ये माती, दगड, चुना व सिमेंट येतात. प्रकरण ६८ मध्ये दगड, सिमेंट आदींपासून तयार केलेल्या वस्तू, तर प्रकरण ६९ मध्ये भाजलेल्या मातीच्या वस्तू येतात. प्रकरण ७२ व ७३ लोखंड-पोलादाची आहेत आणि तयार सांगाड्याच्या इमारती प्रकरण ९४ मध्ये आहेत.

वर्गीकरणाचे नियम ठरलेले आहेत. प्रथम शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा पाहायच्या. एकाच वस्तूला दोन शीर्षके लागू होत असतील, तर अधिक नेमके वर्णन करणारे शीर्षक निवडायचे. तेवढ्याने भागत नसेल, तर वस्तूला तिचे मूळ स्वरूप कोणत्या घटकामुळे प्राप्त झाले ते पाहायचे. तेही ठरत नसेल, तर क्रमाने शेवटी येणारे शीर्षक घ्यायचे.

दोन शीर्षकांचा दर समान असेल तर वाद सहसा उद्भवत नाही. नैसर्गिक रेती एका शीर्षकात आणि दगड फोडून केलेली कृत्रिम रेती दुसऱ्या शीर्षकात घातली, तरी दोन्हींवर ५ टक्केच कर असल्याने भांडणाला कारण उरत नाही. जेथे दरांत दरी असते, तेथेच वाद जन्म घेतो.

चिऱ्याची गोष्ट

जांभा दगडाचा चिरा ही गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या घरांची मूळ सामग्री. तो आकाराने विटेसारखा असला तरी कायद्याने वीट नव्हे. वीट भट्टीत भाजली जाते, म्हणून ती प्रकरण ६९ मध्ये जाते. चिरा जमिनीतून कापून काढला जातो. शीर्षक २५१६ मध्ये ग्रॅनाइट, बेसॉल्ट, वालुकाश्म यांच्याबरोबर ‘बांधकामाचा इतर दगड’ असे शब्द आहेत आणि तो ओबडधोबड घडवलेला असो वा करवतीने चौकोनी ठोकळ्यांत कापलेला असो, तो त्याच शीर्षकात राहतो. त्यामुळे चिरेखाणीत यंत्राने कापलेला चिरा कापला गेला एवढ्यावरून आपले स्थान बदलत नाही. ग्रॅनाइटखेरीज अशा साध्या बांधकाम दगडांवरील दर ५ टक्के आहे.

कापण्यापलीकडे काम झाले की प्रश्न निर्माण होतो. दगडाच्या पातळ लाद्या करून त्या घासून, कडा साधून, झिलई देऊन भिंतीवर बसवण्यासाठी विकल्या, तर त्या प्रकरण ६८ मधील ‘घडवलेला बांधकाम दगड’ या शीर्षक ६८०२ कडे झुकतात आणि तेथे दर वरचा आहे. ‘किती घडवले म्हणजे घडवले’ हा प्रश्न देशभर उपस्थित झाला. नापा दगडासारख्या फरशीच्या दगडांबाबत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये परिपत्रक काढले. किरकोळ घासकाम झाले असले तरी आरशासारखी झिलई नसेल, तर असे दगड ५ टक्क्यांतच राहतील, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. चिऱ्याच्या लाद्या विकणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवलेला बरा.

खनिज कायद्यातही जांभ्याचे स्थान बदललेले आहे. केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०१५ रोजी ३१ खनिजे गौण खनिजे म्हणून घोषित केली. त्या यादीत जांभाही आहे. गौण खनिजांची परवानगी व रॉयल्टी यांचे नियम राज्य सरकार करते. म्हणजे चिऱ्याची रॉयल्टी राज्याच्या नियमांनी आणि विक्रीवरील कर जीएसटीच्या दरपत्रकाने ठरतो. या दोन वर्गीकरणांची गल्लत करू नये.

दगड फोडला म्हणजे नवी वस्तू झाली का?

जीएसटीपूर्वी वादाचे केंद्र वेगळे होते. विक्रीकर आणि उत्पादन शुल्काच्या काळात मुख्य प्रश्न असे : ‘निर्मिती’ झाली का? आणि झाली असल्यास नवी वस्तू अस्तित्वात आली का?

मोठे दगड फोडून खडी केली तर ती निर्मिती ठरते का, हा प्रश्न मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ अन्वये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध महालक्ष्मी स्टोअर्स या प्रकरणात न्यायालयाने ती निर्मिती नाही असे ठरवले. दगड लहान झाला, तरी तो दगडच राहिला. उत्तर प्रदेशातील लालकुवा स्टोन क्रशर प्रकरणात २००० साली हीच दिशा दिसली. ‘दगड’ या नोंदीत खडी आणि गिट्टीही येतात, ती स्वतंत्र वस्तू मानता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

संगमरवराबाबत मात्र दोन वेगळी उत्तरे मिळाली. २००३ मध्ये अमन मार्बल इंडस्ट्रीज प्रकरणात ठोकळे कापून लाद्या करणे ही उत्पादन शुल्काच्या दृष्टीने निर्मिती नव्हे, असे ठरले. २००९ मध्ये अरिहंत टाइल्स प्रकरणात ठोकळ्यापासून कापून, घासून, झिलई देऊन लाद्या व टाइल्स करणे ही आयकर सवलतीच्या दृष्टीने ‘निर्मिती किंवा उत्पादन’ आहे, असे त्याच न्यायालयाने ठरवले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. परंतु दोन कायद्यांचे शब्द निरनिराळे होते आणि कामाची व्याप्तीही निराळी होती. ‘उत्पादन’ हा शब्द ‘निर्मिती’पेक्षा व्यापक मानला जातो.

गोव्यातील खनिज उद्योगाने हाच धडा आधी दिला होता. चौगुले आणि कंपनी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये निकाल दिला. निरनिराळ्या प्रतीचे लोहखनिज नदीमार्गे मुरगाव बंदरात आणून यंत्राने मिसळणे ही ‘प्रक्रिया’ आहे, पण ‘निर्मिती’ नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २००४ मध्ये सेझा गोवा प्रकरणात लोहखनिज काढणे व त्यावर प्रक्रिया करणे हे आयकर कायद्यातील ‘उत्पादन’ ठरले. खनिज तेच, प्रश्न विचारणारा कायदा वेगळा. डिचोलीच्या वाचकाला हे निवाडे परके वाटणार नाहीत. बांधकाम साहित्याच्या प्रत्येक वादात हीच कसोटी पुन्हा पुन्हा येते.

विटा, कौले आणि राखेचे ठोकळे

१ एप्रिल २०२२ पासून विटा, मातीची किंवा छपराची कौले आणि फ्लाय ॲशच्या विटा यांसाठी विशेष व्यवस्था लागू झाली. उत्पादकाने इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले नाही तर ६ टक्के आणि घेतले तर १२ टक्के कर भरायचा. या उत्पादकांसाठी नोंदणीची मर्यादाही वार्षिक २० लाख रुपये उलाढालीवर आणली गेली. इतर वस्तूंच्या व्यापाऱ्याला गोव्यात ही मर्यादा ४० लाख रुपये आहे. सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात वाळू-चुन्याच्या विटांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु इतर विटांची ही विशेष योजना तशीच ठेवण्यात आली.

फ्लाय ॲशच्या बाबतीत एका अटीने बराच घोळ केला. राखेचे प्रमाण ९० टक्के किंवा अधिक असावे ही अट विटांना आणि ठोकळ्यांनाही लागू आहे, असा अर्थ काही ठिकाणी काढला गेला. नव्वद टक्के राखेची वीट भक्कम होणे कठीण, हे बांधकामातील कोणीही सांगेल. अखेर २०२२ च्या परिपत्रकात ही अट केवळ राखेच्या खडीला लागू होती, विटांना व ठोकळ्यांना नव्हे, असे स्पष्ट झाले. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत आणखी एक वाद मिटवण्यात आला. ५० टक्क्यांहून अधिक राख असलेले हलके एएसी ठोकळे शीर्षक ६८१५ मध्ये येतील आणि त्यांवर १२ टक्के दर लागेल, असे ठरले. तेवढी राख नसेल तर ते सिमेंटच्या वस्तू म्हणून १८ टक्क्यांत जात होते. म्हणजे येथे दर ठरवणारी गोष्ट प्रयोगशाळेतील अहवालात होती. विकणाऱ्याकडे असा अहवाल नसेल, तर कमी दराचा दावा टिकवणे अवघड होते.

तयार काँक्रिट आणि जागेवर केलेले काँक्रिट

बांधकामाच्या जागेवर सिमेंट, रेती, खडी आणि पाणी कालवून केलेल्या काँक्रिटला उत्पादन शुल्कात सवलत होती. मोठ्या प्रकल्पांवर यंत्र बसवून तयार केलेले ‘रेडी मिक्स’ काँक्रिट या सवलतीत बसते का, हा वाद लार्सन अँड टुब्रो प्रकरणात २०१५ साली निकाली निघाला. दोन्हींची भारतीय मानके वेगळी आहेत. तयार काँक्रिटचे प्रमाण, मिश्रण व दर्जा यंत्राने नियंत्रित केला जातो, त्यात रसायने मिसळली जातात आणि ते ठरावीक काळ वापरण्याजोगे राहते. म्हणून ती वेगळी वस्तू आहे आणि जागेवर तयार केलेल्या काँक्रिटची सवलत तिला मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. वस्तू कोठे तयार झाली यापेक्षा ती कशी तयार झाली, हे निर्णायक ठरले.

जीएसटीत तयार काँक्रिटवर १८ टक्के कर आहे. सिमेंटवर सुरुवातीपासून २८ टक्के होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये टाइल्स, संगमरवर व ग्रॅनाइटच्या लाद्या अशा अनेक वस्तू २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या, पण सिमेंट राहून गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटही १८ टक्क्यांवर आले. त्याच वेळी संगमरवर व ग्रॅनाइटच्या ठोकळ्यांचा दर १२ वरून ५ टक्के झाला. दरांतील दऱ्या अशा बुजू लागल्या की पुढील काळातील वाद कमी होतात. मागील वर्षांचे वाद मात्र जुन्या दरांनीच चालतात.

खाणपट्ट्याची रॉयल्टी : ५ की १८?

चिरेखाण किंवा खडीखाण चालवणाऱ्याला आणखी एका वर्गीकरणाने त्रास दिला. सरकारला दिलेल्या रॉयल्टीवर खाणचालकाने रिव्हर्स चार्ज पद्धतीने, म्हणजे स्वतःच, जीएसटी भरायचा असतो. ही सेवा भाडेपट्ट्याच्या उर्वरित वर्गात मोडते आणि म्हणून त्या वस्तूचा जो दर तोच सेवेला, म्हणजे दगडासाठी ५ टक्के, असे अनेकांनी मानले. १ जानेवारी २०१९ पासून अधिसूचनेच्या शब्दांत बदल झाला. त्याआधीच्या दीड वर्षासाठीही दर १८ टक्केच होता, असे ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकात म्हटले गेले. ज्यांनी ५ टक्क्यांनी हिशेब केला होता, त्यांच्यावर फरकाची मागणी येणे अपरिहार्य झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २५ जुलै २०२४ रोजी ८ विरुद्ध १ मताने ‘रॉयल्टी म्हणजे कर नव्हे’ असा निर्णय दिला. तो राज्यांच्या खनिज हक्कांवर कर लावण्याच्या अधिकाराविषयी आहे. रॉयल्टीवर जीएसटीचा दर किती, या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधू नये.

कारखान्याची शेड : यंत्र की इमारत?

औद्योगिक बांधकामात वादाचे स्वरूप पुन्हा बदलते. कारखानदार नोंदणीकृत असल्याने सिमेंट, पत्रे, लोखंडी सांगाडा यांवर भरलेला कर त्याला परत वळता करून घेता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार स्वतःसाठी स्थावर मालमत्ता बांधताना वापरलेल्या वस्तू व सेवांवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. अपवाद यंत्रसामग्रीचा. यंत्राचा पाया आणि त्याला आधार देणारा सांगाडा यांचा यंत्रात समावेश होतो, जमीन, इमारत व इतर स्थापत्य बांधकामाचा होत नाही. एकाच शेडमध्ये यंत्राखालच्या काँक्रिटवर क्रेडिट मिळते, शेजारच्या फरशीखालच्या काँक्रिटवर मिळत नाही.

सफारी रिट्रीट्स प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील ‘यंत्र किंवा यंत्रसामग्री’ या शब्दांचा आधार घेतला आणि एखादी इमारत तिच्या कार्यावरून ‘प्लांट’ ठरू शकते, असे म्हटले. त्यानंतर वित्त अधिनियम, २०२५ द्वारे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ हा शब्द पूर्वलक्षी प्रभावाने घालण्यात आला. एका अव्ययाने किती मोठी रक्कम हलू शकते, याचे हे उदाहरण आहे.

भार कोणावर?

व्यापाऱ्याकडून व्यापाऱ्याला माल जातो तोवर दराचा प्रश्न फारसा बोचत नाही, कारण भरलेला कर पुढे वळता होतो. साखळीच्या शेवटी असलेल्या माणसाला ती सोय नसते. केरीत घर बांधणारा गावकरी, नोंदणी नसलेला लहान ठेकेदार आणि क्रेडिट अडलेला कारखानदार हे तिघे तेथे उभे असतात. दर चुकून जास्त लागला तर त्यांच्या खिशातून जातो. दर चुकून कमी लागला तर काही वर्षांनी मागणी विक्रेत्यावर येते आणि तेव्हा ग्राहकाकडून फरक वसूल करणे त्याला बहुधा शक्य नसते. २०२४-२५ या वर्षापासून लागू असलेल्या कलम ७४अ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ४२ महिन्यांत नोटीस काढता येते. मूळ कराबरोबर १८ टक्के दराने व्याजही येते. फसवणुकीचा हेतू नसेल तर दंड कराच्या १० टक्के किंवा १० हजार रुपये यांपैकी जास्त असलेली रक्कम, आणि हेतू सिद्ध झाल्यास कराइतकाच.

न्यायालये कोणत्या कसोट्या लावतात?

कायद्यात व्याख्या नसेल तर वस्तूला लोकव्यवहारात काय म्हणतात ते पाहतात. या तत्त्वाचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा अकोल्याचा आहे. विड्याचे पान वनस्पतिशास्त्राने काहीही असो, बाजारात त्याला कोणी भाजी म्हणत नाही, म्हणून त्याला भाजीची करसवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवले. दुसरे तत्त्व पुराव्याचे. वस्तू अमुक वर्गात येते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर विभागाची, असे हिंदुस्थान फेरोडो प्रकरणात म्हटले आहे. तिसरे तत्त्व सवलतीचे. २०१८ च्या दिलीपकुमार आणि कंपनी प्रकरणातील घटनापीठानुसार सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर तिचा लाभ सरकारला मिळतो आणि सवलतीस आपण पात्र आहोत हे करदात्याने दाखवायचे असते. कर आकारणाऱ्या तरतुदीतच संदिग्धता असेल, तर मात्र लाभ करदात्याला मिळतो.

व्यवहारात काय करावे?

- बिल पाहावे. ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या विक्रेत्याने नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर एचएसएनचे किमान चार अंक आणि त्याहून मोठ्या विक्रेत्याने सर्व बिलांवर सहा अंक लिहायचे असतात. १ एप्रिल २०२१ पासून हा नियम आहे.

- सीमेपलीकडचा माल. सिंधुदुर्गातून गोव्यात येणाऱ्या मालावर आयजीएसटी लागतो. चिऱ्यावरील एकूण दर तोच राहतो, केवळ विभागणी बदलते. परंतु परराज्यात वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी सामान्यतः नोंदणी आवश्यक आहे आणि कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला अशी विक्री करता येत नाही.

- वाटेत वाहन अडवले तर. १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकानुसार ई-वे बिलातील एचएसएनचे पहिले दोन अंक आणि कराचा दर बरोबर असेल, तर पुढील अंकांच्या चुकीसाठी माल अडकवून ठेवू नये. केंद्र व राज्य कायद्यांखाली प्रत्येकी ५०० रुपये दंड आकारता येतो.

- फक्त मजुरीचा ठेका. स्वतःचे स्वतंत्र घर बांधताना साहित्य आपण आणून केवळ मजुरीचा ठेका दिला, तर त्या मजुरीवर जीएसटी माफ आहे. साहित्यासह ठेका दिला तर तो सेवेचा करार ठरतो आणि नोंदणीकृत ठेकेदार सर्वसाधारणपणे संपूर्ण रकमेवर १८ टक्के कर लावतो. तेथे चिऱ्याचा ५ टक्के दर उरत नाही.

- शंका असल्यास आधीच विचारावे. अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे केंद्र व राज्य मिळून १० हजार रुपये शुल्क भरून व्यावसायिकाला वर्गीकरण विचारता येते. ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तो अर्जदारावर आणि त्याच्या कर अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो. दुसऱ्याच्या निर्णयावर विसंबून आपला दर ठरवणे धोक्याचे आहे. प्रकरण आधीच चौकशीत असेल तर अर्ज स्वीकारला जात नाही.

- आदेश विरुद्ध गेला तर. पहिले अपील तीन महिन्यांत करावे लागते आणि वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. पुढचे अपील जीएसटी न्यायाधिकरणाकडे जाते. त्याचा शुभारंभ २४ सप्टेंबर २०२५ रोजी झाला.

चिरा खाणीतून निघून भिंतीत बसेपर्यंत त्याचा दगडपणा बदलत नाही. त्याच्यावर किती काम झाले, तो कोणत्या कराराखाली विकला गेला आणि बिलावर कोणता क्रमांक लिहिला गेला, यांवर त्याचा कर ठरतो. पहिल्या दोन गोष्टी व्यवहार ठरवतानाच नक्की होतात. तिसरी बिल घेताना तपासता येते, आणि वादापेक्षा ती तपासणी नेहमीच स्वस्त पडते.